विजू, तोंड उघड

गडमुडशिंगी
११ मार्च २०२५

चि. विजयसिंह यास,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत हाय. मी लिहीत न्हाय, कारण आशीर्वाद मनातनं यावा लागतोय आणि माझ्या मनात सध्या तुझ्यासाठी नुसत्या शिव्या हायत. फोनवर तू मला ब्लॉक केलायस. पोस्टमनला ब्लॉक करता येत न्हाय, म्हणून हे पत्र.

काल तुझी बायको येऊन गेली. निशिगंधानं लग्नाची पत्रिका आणलीती. तुमच्या संयोगिताला मलकापूरचं स्थळ मिळालं, मुलगा शिकलेला हाय, माणसं चांगली हायत. पोरीचं सोन्यासारखं होऊदे, तिच्याशी माझं काय वैर न्हाय. पण पत्रिकेवर सगळ्यात वर, गणपतीच्या खाली, 'श्रीमती बाळाबाई' म्हणून आईचं नाव छापलंयस. निशिगंधा म्हणाली, "आईंना आठ दिवस आधी न्यायला गाडी पाठवतो म्हणालेत." आई माझ्याकडं आल्यापासनं तुला एकदा तरी गाडी सुचली का? आता पावण्यांसमोर आजी खुर्चीत बसवायची हाय, तवा सुचली.

आई येणार न्हाय. का, ते तुला ठाऊक हाय. पण तुझी आठवण सोयीपुरती चालती, म्हणून लिहून देते.

आई तुझ्याकडं होती तवा तिच्या हिरड्यांतनं रक्त यायचं. उशीवर डाग पडायचे. निशिगंधा अभ्रे बदलायची आणि तू म्हणायचास, उष्णता झालीय, ताक द्या. तोंडाला वास येतोय म्हणून नात आजीजवळ बसायची न्हाय. मी राखीला आले, आईनं मला जवळ घेतलं, आणि मलाच तोंड फिरवावं लागलं. म्हणून मी तिला दातांच्या डॉक्टरकडं नेलं, रुबीना डॉक्टरकडं. जन्मभर मशेरी लावून दात काळे झालेले, त्याच्यावर चुन्यासारखा थर, आणि हिरड्या सुजून दातांपासनं सुटलेल्या. डॉक्टर म्हणाली, चार वेळा यावं लागेल आणि मशेरी बंद करायची. पहिल्या वेळी तिनं मशीननं वरचा थर काढला. घरी आल्यावर आईचे खालचे दोन दात हलाय लागले.

ते आधीच सुटले होते रे. थरानं नुसते धरून ठेवले होते, सडक्या खांबाला पोत्यांच्या थप्पीनं धरावं तसे. डॉक्टरनं हे मला आधी सांगितलं होतं आणि मी तुलाबी सांगितलं होतं. पण आपल्यात लहानपणापासनं सगळे सांगतात की मशीन लावलं की दात ढिले होतात, आणि तुला तेच खरं वाटलं. दवाखान्यात जाऊन भरल्या बाकड्यांसमोर ओरडलास. टेबलावरची तिची अवजारं हातानं खाली लोटलीस. गल्लीच्या ग्रुपवर दवाखान्याचा फोटो टाकून खाली 'सावधान' लिहिलंस. मला म्हणालास, आईला परत हात लावलास तर उंबरा विसरायचा. आणि आईच्या हातात मशेरीची डबी तूच परत दिलीस. चार दिवसांत रक्त थांबलं, तर जगाला सांगत सुटलास, डॉक्टरला जमलं न्हाय ते मशेरीनं केलं.

वर्षभरात आईची उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातनं सोडलं तवा म्हणालास, गावाकडं हवा चांगली हाय, आक्काकडं राहूदे थोडे दिवस.

तर राहूदे. तुझ्या मांडवात आजीची खुर्ची मोकळी दिसू दे. मलकापूरचे पावणे विचारतील, आजी कुठं हायत म्हणून. त्यांनी विचारावं आणि तुला उत्तर सुचू नये, एवढंच मला पायजे.

आक्का


२ एप्रिल २०२५

विजयसिंह,

परवा तू आमच्या फाटकाबाहेर बुलेट उभी करून हॉर्न वाजवत बसलास. मी फाटक उघडलं न्हाय. "आई काय तुझ्या एकटीची हाय व्हय? म्हातारीला कोंडून घातलीयास," असं ओरडलास, ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं. आमचे हे बाहेर निघाले होते, मी म्हटलं, बसा गप, हे माझ्या माहेरचं भांडण हाय, ह्याच्यात जावयाचं काम न्हाय. शेजारची बनाबाई भिंतीवरनं वाकून बघत होती. तिला मी खुर्ची देऊ का म्हणून विचारलं.

आईला तुझा आवाज गेला का, असं वाटत असंल तुला. तिला काय कळत न्हाय. तुला तर ती कवाच विसरली.

आता माझं ऐक. गेल्या आठवड्यात मी मोठ्या डॉक्टरांना भेटून आले, ज्यांनी आईवर उपचार केले ते. मला त्यांच्याकडनं कागद पायजे होता. ह्या बाईला लकवा कशानं झाला, तर पोराच्या अडाणीपणानं झाला, खाली सही आणि शिक्का. तो मी लॅमिनेशन करून तुझ्या मांडवाच्या दारात लावणार होते. हसू नको, मी खरंच तेवढ्यासाठीच गेलते.

त्यांनी मला बसवून समजावलं. म्हणाले, हिरड्यांचा आजार जुना झाला की तिथले जंतू रक्तात शिरतात आणि तिथली सूज अंगभर काम करत राहते. रक्तवाहिनीला आतनं नाजूक अस्तर असतं. ते बिघडतं, वाहिनी कडक होते, आत थर धरतो, आणि एखाद दिवशी गुठळी अडकते. मला ते लगेच पटलं. आमच्या डेअरीत एखाद्यानं कॅन नीट धुतला न्हाय, तर त्या एका कॅननं आख्खा टँकर नासतोय. कॅन केवढा हाय ते टँकर बघत न्हाय.

मग मी मशेरीचं विचारलं. रक्त थांबलं ते कसं? ते म्हणाले, तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून काही दिवस रक्त दिसायचं बंद होतं. आजार आत चालूच राहतो. म्हणजे आईचं तोंड ओरडून सांगत होतं, आणि तू त्याच्यावर बोळा दाबलास. वर पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

डॉक्टर आणखीबी काय काय बोलले. ते तुला सांगायची मला गरज वाटत न्हाय.

आई पायजे न्हवं मांडवात? मग माझी अट ऐक. रुबीना डॉक्टरच्या दवाखान्यात जायचं. जिथं ओरडलास तिथंच उभं राहायचं, पेशंट बसलेले असताना, आणि माफी मागायची. निशिगंधाला पाठवायचं न्हाय. फोन करायचा न्हाय. जमत नसंल तर खुर्ची मोकळी ठेव.

आक्का


२१ एप्रिल २०२५

विजयसिंह,

दातांच्या डॉक्टरला कुणी पेढे पाठवतंय का रे? तुझ्या दुकानातला कृष्णात बॉक्स ठेवून पळाला. वर चिठ्ठी, 'झाल्या गैरसमजाबद्दल.' रुबीना डॉक्टरनं मला फोन करून विचारलं, "ताई, हे कुणाचं? खायचं का परत पाठवायचं?" मी म्हटलं, खावा आणि नंतर दात घासा. पण ही माफी न्हवं. कुणाचा गैरसमज, कुणाला झाला, त्या चिठ्ठीत काय बी न्हाय. आपल्या बाबांनी तुला सायकल चोरल्याबद्दल माफी मागायला लावली होती, तीसुद्धा तू याच्यापेक्षा बरी मागितली होतीस.

तर अट पुरी झाली न्हाय. उलट वाढली. का वाढली ते सांगते.

निशिगंधाचा फोन आलता. रडत होती. म्हणाली, "आक्का, ह्यांच्याबी हिरड्यांतनं रक्त येतंय. रोज बेसिन लाल होतंय. त्याच्यावर औषध म्हणून आईंचीच डबी काढलीया आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. दुकानाचा जिना चढताना मधेच थांबतात, छाती भरून येती म्हणतात. मी डॉक्टर म्हटलं की अंगावर येतात."

हे ऐकून मला कसं वाटलं सांगू? बरं वाटलं. मी फोन ठेवला, आलं घालून चहा केला, आणि ओसरीवर बसून निवांत पिले. म्हटलं, देव हाय. ज्या डबीनं आईचं तोंड बंद केलंस, तीच आता तुझ्या बोटाला लागली. दिवसभर मी त्या खुशीत होते. आमचे हे म्हणाले, आज काय दुधाचा फॅट वाढला का.

संध्याकाळी आईला भरवताना डोक्यात आलं की तूबी असाच आडवा पडलास तर मला काय मिळणार? तुझी वाचा गेली, समज गेली, तर मी बोलू कुणाला? आईसारखा नुसता बघत बसशील आणि लोक म्हणतील, बिचारा. मला तू बिचारा नको हाईस. मला तू शुद्धीत पायजेस, धडधाकट, सगळं कळत असलेला. म्हणून आता नुसती माफी चालणार न्हाय. त्या खुर्चीत बसायचं. त्याच डॉक्टरसमोर तोंड उघडायचं आणि तेच मशीन लावून घ्यायचं. मी समोर बसून बघणार.

आणि एक. मागच्या पत्रात लिहिलं की आई तुला विसरली. ते खोटं हाय. त्या दिवशी हॉर्न ऐकून ती "वि, वि" करत होती. डावा पाय खाटेखाली टाकला आणि अंग लोटून दिलं. मी धरलं न्हाईतर पडली असती. पत्रिका मी फ्रीजवर ठेवली होती, ती तिनं बोट दाखवून मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. आता रोज कुणीबी आलं की काढून दाखवती. तिला लग्नाला यायचंय. माझ्या हट्टापायी तिचं राहिलं तर तिला काय सांगू, हे मला कळत न्हाय. तरी मी हट्ट सोडणार न्हाय. तूच काय ते बघ, आणि लवकर बघ.

आक्का


९ मे २०२५

विजू,

काल तू दवाखान्यात आलास. येशील असं मला वाटलं न्हवतं.

बाकडं भरलं होतं. तू दारात उभा राहून तोंडातल्या तोंडात काय तरी बोललास. डॉक्टर चांगली हाय, म्हणाली, "असू द्या, आत या, आत बोलू." मी म्हटलं, आत न्हाय, हितंच आणि मोठ्यानं. तू मोठ्यानं म्हणालास, "मी चुकलो, मला माफ करा." तेवढ्यावर भागलं असतं. पण ती कोपऱ्यातली म्हातारी, गडहिंग्लजकडची असावी, तिनं विचारलं, "काय चुकलास बाळा?" मग तुला सगळं सांगावं लागलं. ग्रुपवरचा फोटो, अवजारं लोटली ते, आईचे दात. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झालत्या. म्हातारी म्हणाली, "माझ्याबी पोरानं असंच सांगितलंय, मशीन लावू नको म्हणून." तवा तू तिच्याकडं बघितलंस, ते मी बघितलं.

आत डॉक्टरनं आधी तुझं बीपी बघितलं. तोंड वाकडं केलं, पण म्हणाली, आज बघून खालचं थोडं करू, उद्याच्या उद्या छातीचं दाखवून या, मगच पुढचं. तू खुर्चीत आडवा झालास. एवढा मोठा गडी, छातीवर निळा कागद, तोंड उघडं. ती बारीक सळई हिरडीत घालून हिरडी किती सुटलीय त्याचे आकडे सांगत होती आणि तिची मदतनीस लिहून घेत होती. "पाच. सहा. रक्त. सात. सात." मी विचारलं, किती असावं लागतंय? म्हणाली, तीनपर्यंत ठीक. प्रत्येक आकड्याला तुझे डोळे माझ्याकडं यायचे. मी डोळे हलवले न्हाईत.

"दुखलं तर डावा हात वर करा," असं तिनं सांगितलं होतं. तू हात वर केला न्हाईस. खुर्चीचा दांडा धरून बसलास.

थर निघाल्यावर तू जीभ फिरवलीस आणि थांबलास. खालचा पुढचा दात हलत होता. मला ते तुझ्या तोंडावर वाचता आलं. ह्याच क्षणाची मी दोन वर्षं वाट बघत होते. म्हटलं, आता उठंल, आता ओरडंल, आणि आख्ख्या बाकड्याला कळंल हा कसला माणूस हाय. तू उठलास, गुळणी केलीस, लाल पाणी थुंकलंस, आणि मला विचारलंस, "आक्का, आईचं माझ्यामुळं झालं का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

रुबीना डॉक्टर मागं वळली. "ताई, असं कुणा एकावर..." म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दाताचं बघा. तू खाली जाऊन पायरीवर बसलास. मी तुझ्या शेजारनं उतरले, रिक्षा केली आणि निघून आले. मागं बघितलं न्हाय. लोक म्हणतात सूड घेतल्यावर माणसाला चैन पडत न्हाय. मला काल रात्री चांगली झोप लागली, खोटं कशाला बोलू.

अट पुरी झाली. हळदीदिवशी सकाळी गाडी पाठव. आईला मी स्वतः घेऊन येईन. लग्न झालं की संध्याकाळी परत आणीन. छातीचं दाखवलंस का ते निशिगंधाकडनं कळव.

आक्का


२१ मे २०२५

विजू,

घरी पोचले. आईची खुर्ची टेम्पोतनं एकटीच उतरली. बनाबाईनं विचारलं, आई कुठं? मी म्हटलं, राहिली लेकाकडं.

तू बघितलंसच. अक्षता तिनं डाव्या हातानं टाकल्या, निम्म्या भटजीच्या डोक्यावर पडल्या, तरी टाकल्या. संयोगिता पाया पडली तवा तिच्या डोक्यावर हात ठेवून आई कितीतरी वेळ काढीनाच. मलकापूरच्या बायका रडाय लागल्या. तवर सगळं ठीक होतं. संध्याकाळी मी म्हटलं, चल आई, जाऊया घरला. तिनं तुझ्या सदऱ्याची बाही धरली. मी बोटं सोडवाय गेले तर मान हलवली, न्हाय म्हणून. परत विचारलं, परत न्हाय. सगळ्या पावण्यांसमोर.

तिला रोज मी उठवलं, न्हाणलं, भरवलं, आणि तिनं धरली तुझी बाही. मला लई वाईट वाटलं. तुझ्यावरचा राग त्याच्यापुढं काहीच न्हवता. गाडीत बसल्यावर मी आईला मनातल्या मनात नको नको ते बोलले. आमचे हे म्हणाले, म्हातारं माणूस हाय, दोन दिवसांनी येईल. येणार न्हाय. तिला तिच्या पोराजवळ राहायचंय, आणि ते तिनं एवढं स्पष्ट सांगितलं की मला ऐकू आलं न्हाय असं म्हणता येत न्हाय.

तर आता सांभाळ. निशिगंधा बाई लावायचं म्हणत होती. बाकी कामाला लाव बाई, पण आईचं तोंड तूच साफ करायचं. रोज सकाळी आणि रात्री, तुझ्या हातानं. हा माझा सूड समज, न्हाईतर दुसरं काय पायजे ते समज.

कसं ते लिहिते, नीट वाच. तिला आधी ताठ बसवायचं, आडवं ठेवून करायचं न्हाय, पाणी छातीत उतरतं. ब्रश मऊ घ्यायचा, पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढीच. हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं ब्रश तिरका धरून हळू फिरवायचा. तिला चूळ भरता येत न्हाय, म्हणून ओलं फडकं बोटाला गुंडाळून पुसून घ्यायचं. उजव्या गालात घास साठून राहतो, तिला कळत न्हाय. तो बोट घालून काढायचा. पहिल्यांदा तुला कसंतरी होईल. मलाबी झालतं. खालचे दोन दात ती माझ्याकडं आल्यावर रुबीना डॉक्टरनं काढलेत, तिथं खड्डा हाय, तिथं जोर लावू नको. हिरड्या आता घट्ट गुलाबी झाल्यात, रक्त येत न्हाय, तुला दिसंल. गेलेला हात त्यानं परत आला न्हाय. ती मशेरीची डबी मागंल, बोट दाखवंल, रडंल. द्यायची न्हाय. तुझीबी फेकून दे, तिच्यासमोर.

आता ते मोठे डॉक्टर आणखी काय बोलले होते ते. मी त्यांना कागद मागितला तवा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, हिरड्यांचा आणि रक्तवाहिन्यांचा संबंध आहे, पण एकट्या हिरड्यांनी झालं असं कुणीच सांगू शकत नाही. त्यांचं बीपी होतं, तंबाखू होता, वय होतं. चार वेळा दवाखान्यात गेल्या असत्या तरी हे टळलंच असतं असं मी लिहून देणार नाही." तुला मी व्हय म्हटलं ते माझ्या मनानं म्हटलं. ते मी मागं घेत न्हाय. पण डॉक्टरांचं वाक्य तुझ्याजवळ असूदे, कारण तू रडत बसलास तर ब्रश कोण धरणार. निशिगंधा म्हणाली तुझ्या छातीच्या गोळ्या चालू झाल्या. त्या चुकवू नको, आणि रुबीना डॉक्टरकडं राहिलेल्या वेळा पुऱ्या कर.

पहिले काही दिवस आई तुझ्यासमोर तोंड उघडणार न्हाय. माझ्याशिवाय कुणी ब्रश धरला की ओठ घट्ट मिटून घेती. जबरदस्ती करू नको आणि ओरडू तर अजिबात नको. तिच्या मागं उभा राहा, तिला तुझं तोंड दिसू देऊ नको, आणि हळूच म्हण, आक्का आलीय. मग ती उघडती.

आक्का